बक्षीस पुस्तकाला द्या, मत मुलांना द्या

एप्रिलमध्ये परीक्षा संपत आल्या की आमच्या तालुक्याच्या गावातल्या लायब्ररीत एक मीटिंग होते आणि तिच्यात दर वर्षी तेच भांडण होतं. सुट्टीत मुलांसाठी वाचन स्पर्धा घ्यायची की नाही? एक गट म्हणतो, घ्यायचीच, मोबाइलमधून पोरांना बाहेर काढायचं तर काहीतरी आमिष हवं, ५० पुस्तकं वाचणाऱ्याला सायकल, ३० वाल्याला दप्तर, बाकी सगळ्यांना सर्टिफिकेट. दुसरा गट म्हणतो, छे, वाचन आनंदासाठी असतं, बक्षीस लावलं की ती लाच झाली. यंदा दोन तास हेच चाललं, चहा दोनदा झाला, आणि शेवटी मागच्या वर्षीसारखीच स्पर्धा घ्यायची असं ठरलं कारण सायकलीला देणगीदार आधीच मिळालेला होता. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आला की पेपरांमधूनही अगदी हेच दोन सूर ऐकू येतात. मला हे दोन्ही सूर चुकलेले वाटतात. बक्षीस असावं की नसावं हा मुद्दाच नाही, बक्षीस कुणाला आणि ते ठरवणार कोण हा मुद्दा आहे. माझं म्हणणं असं की बक्षीस मुलाला देऊच नका, पुस्तकाला द्या, आणि कुठल्या पुस्तकाला ते मुलांना ठरवू द्या, खरंखुरं मत देऊन, आणि मुलांनी जे ठरवलं ते मोठ्यांनी निमूट मान्य करा.

मी हे हवेत बोलत नाही. तीन वर्षं झाली, दर शनिवारी दुपारी मी बालविभागात देवघेवीला बसते. मागच्या उन्हाळ्यात स्पर्धा चालू असताना सहावीतली एक मुलगी कपाटापुढे बराच वेळ उभी होती, हातात एक जाडजूड भाषांतरित रहस्यकथा, तीनशेच्या वर पानं असतील, कव्हरचा कोपरा कुणीतरी आधीच चावलेला. ती टेबलापाशी आली आणि मला विचारलं, "काकू, हे एकच धरणार का दोन?" मी म्हटलं एकच. तिने दोन पानं उभ्या उभ्याच वाचली, मग पुस्तक परत जागेवर ठेवलं आणि सोळा-सोळा पानांची तीन पातळ पुस्तकं घेऊन गेली. तिचं काही चुकलं नाही, आम्ही जो हिशोब मांडला होता तो तिला बरोबर कळला होता. त्याच स्पर्धेत दोघा भावांनी पंचवीस-पंचवीस पुस्तकं वाटून घेतली आणि रात्री एकमेकांचे सारांश उतरवून काढले, आणि सारांश तरी कसले, मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा, 'आबालवृद्धांना आवडेल अशी कादंबरी' या वाक्यासकट. नंबर आलेल्या मुलांचे फोटो निघाले, रजिस्टरमध्ये देवघेवीचा आकडा फुगला, आणि शाळा सुरू झाल्यावर शनिवारी पुन्हा तीच सात-आठ मुलं यायला लागली जी स्पर्धेच्या आधीही येत होती.

आता बक्षीसवाल्यांची बाजू. ती मला हलक्यात घ्यायची नाही, कारण तिच्या मागे फार मोठं माणूस उभं आहे. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं त्यात त्यांनी सरळ मागणी केली होती की खालच्या वर्गातल्या मुलांना शाळेत पाठवायला उत्तेजन म्हणून शिष्यवृत्त्या द्या, सहामाही किंवा वार्षिक बक्षिसं द्या, म्हणजे त्यांच्यात शिक्षणाची गोडी निर्माण होईल. म्हणजे गोडी आपोआप लागेल, तुम्ही फक्त वाट बघा, असं फुले म्हणत नव्हते. ज्या घरात पोरगं गुरं राखायला गेलं नाही तर संध्याकाळचं गणित बिघडतं त्या घराला 'ज्ञान हाच आनंद' सांगणं किती पोकळ आहे हे त्यांना माहीत होतं. पण त्यांनी बक्षीस कशासाठी मागितलं ते नीट बघा. पोराचा वेळ घराला मोलाचा होता, तो वेळ शाळेला मिळावा, दारातून आत पाऊल पडावं म्हणून. आमच्या गावात आज ते पाऊल कशाने अडतं? डिपॉझिटने अडतं, शाळा सुटायच्या आधीच बंद होणाऱ्या बालविभागाने अडतं, वस्तीपासून लायब्ररी तीन किलोमीटर लांब आहे म्हणून अडतं. सायकलीचे पैसे डिपॉझिट माफ करायला लावले असते तर ते फुल्यांच्या म्हणण्याच्या जास्त जवळ गेलं असतं. आम्ही मात्र आधीच आत असलेल्या मुलांमध्ये शर्यत लावली, आणि पहिला नंबर कुणाचा आला तर ज्याच्या घरी आईवडील दोघं शिक्षक आहेत त्याचा.

बक्षीसवाल्यांच्या बाजूने आणखी एक भक्कम पुरावा आहे आणि आनंदवाले तो कधी तोंडावर आणत नाहीत. अमेरिकेत डॅलस शहरात अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांनी दुसरीच्या मुलांना पुस्तकामागे २ डॉलर देऊन पाहिले, पुस्तक वाचायचं, कॉम्प्युटरवर छोटी प्रश्नमंजुषा सोडवायची, ८० टक्के बरोबर आलं की पैसे. आणि त्या मुलांचं वाचून समजणं खरोखर सुधारलं. हे मान्य करायलाच पाहिजे. पण त्याच प्रयोगातल्या दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. एक म्हणजे पुस्तक मुलं स्वतः निवडत होती, आपल्या पातळीचं, आपल्या सवडीने वाचायचं, वर्गाचा अभ्यास म्हणून कुणी नेमून दिलेलं नव्हतं. आणि दुसरी, जी मला जास्त टोचते, ती अशी की ज्या मुलांनी परीक्षा स्पॅनिशमध्ये दिली त्यांचे निकाल सुधारायच्या ऐवजी घसरले. बक्षीस तेच, मुलं त्याच शहरातली, पण घरची भाषा वेगळी आणि परिणाम उलटा. आपल्याकडे नंदुरबारच्या भिली बोलणाऱ्या किंवा पालघरच्या वारली बोलणाऱ्या पोराला प्रमाण मराठीतली ५० पुस्तकं मोजून वाचायला लावताना हे कुणाच्या डोक्यात तरी येतं का?

आणि मग तो १९७३ चा जुना प्रयोग आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांचा, बालवाडीतल्या मुलांवर केलेला. ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडतं अशीच मुलं घेतली. काहींना आधी सांगितलं की स्केचपेनने चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं आणि रिबिनीचं प्रशस्तिपत्रक मिळेल, काहींना काही न सांगता नंतर तसंच प्रशस्तिपत्रक अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच स्केचपेनं वर्गात मोकळी ठेवली तर ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नव्हतं. म्हणजे बक्षीस विषारी नाही, आधी सौदा ठरवणं विषारी आहे, आणि तेही ज्याला आधीच आवड आहे त्याच्यासाठी सगळ्यात जास्त. आमच्या स्पर्धेत भाग घेणारी मुलं नेमकी तीच असतात, आवड असलेली. म्हणजे ज्याला गरज नाही त्याला आपण औषध पाजतोय.

मोजणी सुरू झाली की शिकवणारेही कसे बदलतात ते बघायचं असेल तर इंग्लंडमध्ये १८६२ नंतर काय झालं ते वाचा. तिथल्या सरकारात शिक्षणाचा कारभार बघणाऱ्या रॉबर्ट लो यांनी नियमच केला, शाळेला सरकारी पैसा किती मिळणार ते पोरांची हजेरी आणि वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेचा निकाल यावर. इन्स्पेक्टर यायचा, पोरगं उठायचं, नेमलेल्या पुस्तकातला उतारा घडाघडा म्हणून दाखवायचं, आणि कित्येकदा पुस्तक हातात उलटं धरलेलं असायचं, कारण अख्खं पुस्तक वर्षभर घोकून पाठ करून घेतलेलं. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी स्वतः शाळा तपासनीस होता, त्याने या यांत्रिकपणावर वर्षानुवर्षं तक्रारी लिहिल्या, तरी ती पद्धत मोडीत निघायला १८९० चं दशक उजाडलं. तिथल्या मास्तरांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांचा पगार त्या उताऱ्यावर होता. आमच्या ग्रंथपाल बाईंनाही मी दोष देत नाही. लायब्ररीचा दर्जा अ की ब की क की ड हे पुस्तकं किती, नियतकालिकं किती अशा आकड्यांवर ठरतं आणि अनुदान त्या दर्जावर. माणूस ज्याचा हिशोब द्यायचा असतो तेच जमवतो. मुलाने पुस्तक अर्ध्यात सोडून "हे बोअर आहे, दुसरं द्या" म्हटलं हे नोंदवायला कुठल्याच रजिस्टरमध्ये रकाना नाही, आणि माझ्या मते वाचक घडतोय याची सगळ्यात पहिली खूण तीच असते.

म्हणून आनंदवाले जिंकले का? अजिबात नाही. त्यांच्यावर माझा राग उलट जास्त आहे, कारण त्यांचं म्हणणं ऐकायला गोड आणि करायला काहीच नाही. "मुलांना मुक्त वाचू द्या" असं मीटिंगमध्ये सांगणाऱ्या गृहस्थांना मी विचारलं की बालविभागाच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, तर त्यांना माहीत नव्हतं. कपाटाला काच आहे, काचेला कुलूप आहे, मुलाने बोट दाखवायचं आणि आपण पुस्तक काढून द्यायचं, ही आमची मुक्तता. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं लिहिली त्यातलं पहिलंच, पुस्तकं वापरण्यासाठी आहेत, आणि ते समजावताना त्यांनी युरोपातल्या साखळदंडाने बांधलेल्या पुस्तकांची आठवण काढली होती. आपण १२ ऑगस्टला त्यांच्या फोटोला हार घालतो, ग्रंथपाल दिन साजरा करतो, आणि कुलूप तसंच. शिवाय आनंद हा घरात रुजलेला असतो हे ही मंडळी विसरतात. ज्या घरात चातुर्मासात हरिविजय, पांडवप्रताप मोठ्याने वाचला जायचा त्या घरातली अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा एका अर्थाने वाचणारीच होती, रोज संध्याकाळी आज कथा कुठे आली याची तिला ओढ असायची, ऐकणारे शेजारी असायचे, अध्याय संपला की त्यावर बोलणं व्हायचं. तो नुसता एकट्याचा आनंद नव्हता, तो सगळ्यांनी मिळून चालवलेला कार्यक्रम होता. साने गुरुजी अमळनेरला छात्रालयात असताना मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे, रोज. नुसतं 'वाचा रे' म्हणून ते बसले नाहीत, वाचण्यासारखं काहीतरी ठरल्या वेळी, नेमाने मुलांसमोर ठेवलं. वाचनाला काहीतरी कार्यक्रम लागतो, निमित्त लागतं, वेळ ठरलेली लागते, सोबत लागते. आनंदवाले हे सगळं काढून टाकतात आणि मग मुलं येत नाहीत म्हणून मोबाइलला शिव्या देतात.

तर निमित्त हवं आणि सौदा नको, असं काय आहे? पुरस्कार आहे. पण पुस्तकाचा. बालसाहित्याचे पुरस्कार आपल्याकडे नाहीत असं नाही. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देते, मराठीत पहिला अनिल अवचटांना मिळाला, राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार आहेत, २०१६ ला माधुरी पुरंदरेंना बिग लिटल बुक अवॉर्ड मिळालं तेव्हा मला घरच्या माणसाला मिळाल्यासारखा आनंद झाला होता. हे पुरस्कार हवेतच, जाणकार परीक्षकांनी नीट वाचून दिलेल्या पुरस्काराने लेखकाला बळ येतं, चित्रकाराला मान मिळतो. पण आमच्या बालविभागात येणाऱ्या एकाही मुलाला यातला एकही पुरस्कार माहीत नाही, आणि का माहीत असावा? त्यात त्याचं काय आहे? पुस्तक मोठ्यांनी लिहिलं, मोठ्यांनी छापलं, मोठ्यांनी निवडलं, मोठ्यांनी मोठ्यांना हार घातला. ज्याच्यासाठी हे सगळं, तो प्रेक्षकातही नाही.

अमेरिकेत हा प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी काही जणांना पडला. तिथे १९२२ पासून मुलांच्या पुस्तकासाठीचं न्यूबेरी पदक होतं, ग्रंथपालांनी निवडलेलं. १९४० मध्ये सिअ‍ॅटलच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या सूचनेवरून वायव्येकडच्या राज्यांतल्या ग्रंथालय संघटनेने मुलांच्या मतांवरचा पुरस्कार सुरू केला. मग कॅन्ससमध्ये विल्यम अ‍ॅलन व्हाइट यांच्या नावाने तसाच पुरस्कार निघाला, पहिला १९५३ ला दिला गेला. पद्धत इतकी साधी की आश्चर्य वाटतं. जाणकार मोठी माणसं एक यादी करतात, ती पुस्तकं शाळांमधून, लायब्रऱ्यांमधून ठेवतात, यादीतली निदान दोन पुस्तकं वाचली की मुलाला मत देता येतं, आणि ज्याला सगळ्यात जास्त मतं ते पुस्तक त्या वर्षीचं. शंभर वाचलीत तरी मत एकच. पन्नास पुस्तकांचा हिशोबच गळून पडतो. इंग्लंडमध्ये कार्नेगी या तिथल्या बालसाहित्य पदकाच्या परीक्षकांबरोबर १९९२ पासून मुलांचे वाचनगट तीच पुस्तकं वाचतात आणि आपला वेगळा निकाल मांडतात. तिथे मूल बक्षीस घेणारं नाही, देणारं आहे. आठ वर्षांच्या माणसाला आयुष्यात देणारा व्हायची संधी किती वेळा मिळते?

यावर हमखास येणारा आक्षेप असा की मुलं काहीही निवडतील, भुताच्या गोष्टी, विनोदी चुटके, जे चकचकीत असेल ते. हा आक्षेप अगदीच खोटा नाही, मुलांना वर्गातल्या दादा पोराच्या मागे जायची सवय असते आणि एखाद्या शाळेतल्या सगळ्यांनी गठ्ठ्याने एकाच पुस्तकाला मत टाकलं असंही होईल. पण म्हणूनच यादी मोठ्यांनी करायची, आपली अक्कल तिथे लावायची, दहा अशी पुस्तकं निवडायची की त्यातलं कुठलंही जिंकलं तरी आपल्याला वाईट वाटणार नाही. आणि मुलांवर इतका अविश्वास कशाला? कॅन्ससच्या मुलांनी पहिल्याच वर्षी कशाला निवडलं माहितीये? गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या आणि पुढे स्वतःचं स्वातंत्र्य स्वतः विकत घेतलेल्या एका आफ्रिकन माणसाच्या चरित्रकथेला. याच पुस्तकाला १९५१ साली ग्रंथपालांनी न्यूबेरी दिलं होतं. म्हणजे मुलं आणि जाणकार दर वेळी वेगळ्याच दिशेला जातात असं नाही. आणि गेली तर? तर प्रकाशकांना, लेखकांना, आम्हाला सगळ्यांनाच काहीतरी कळेल, जे आज कळायला मार्गच नाही. मराठीत मुलांसाठीची चांगली पुस्तकं कमी निघतात ही तक्रार खरी आहे, पण दहा निघत नाहीत इतकी वाईट वेळ आलेली नाही, आणि जुनी पुस्तकं यादीत घ्यायला कुणी बंदी केलीये? 'किशोर' १९७१ पासून निघतोय, त्याचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत, एखाद्या वर्षी त्यातल्या दहा गोष्टींवरच मतदान घ्या की.

आम्ही मागच्या दिवाळीच्या सुट्टीत हे लहान प्रमाणात करून पाहिलं, सायकलवाल्या स्पर्धेला न हलवता, बाजूला. दहा पुस्तकं, प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती, कारण एकच प्रत असली की सगळा खेळ थांबतो हे पहिल्या आठवड्यातच कळलं. कपाटातून ती पुस्तकं बाहेर काढून टेबलावर उघडी मांडली, कुलूप नाही. लोणच्याच्या दहा रिकाम्या बरण्या, प्रत्येकीवर पुस्तकाच्या कव्हरची झेरॉक्स चिकटवलेली, आणि मत म्हणून चिंचोका. दोन पुस्तकं वाचून त्याबद्दल माझ्याशी दोन मिनिटं बोललं की एक चिंचोका हातात. सारांश लिहायचा नाही. बरण्या काचेच्या, त्यामुळे कुठल्या पुस्तकाला किती हे रोज दिसत होतं आणि त्यावरून जी भांडणं झाली ती मी आयुष्यभर विसरणार नाही. एक पाचवीतला मुलगा आपल्या मित्राला अक्षरशः ओढत घेऊन आला, "तू ते वाच आधी, शेवट वाच, मग सांग ते तिसऱ्या नंबरला कसं राहतं ते." दुसऱ्याने वाचलं, आणि मत दुसऱ्याच पुस्तकाला टाकलं, आणि दोघं पायरीवर बसून अर्धा तास त्या शेवटावर वाद घालत होते, त्यात नायकाने खोटं बोलायला पाहिजे होतं का हा मुद्दा होता. पन्नास पुस्तकांच्या स्पर्धेत असा वाद मी एकदाही ऐकला नाही, तिथे दुसऱ्याने वाचलं तर आपलं नुकसान असतं. समितीला जे पुस्तक सगळ्यात आवडलं होतं, मलाही, ते शेवटून दुसरं आलं. मी दोघा-तिघांना कारण विचारलं तर एकीने सांगितलं, त्यातली आई फार शहाण्यासारखं बोलते. मी घरी जाऊन ते पुस्तक पुन्हा वाचलं, तर खरंच बोलते.

त्रुटी होत्याच. वस्तीवरची मुलं यातही कमीच आली, अंतर काही बरण्यांनी कमी होत नाही. त्यावर उपाय मात्र आपल्याच इतिहासात पडून आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून घेतलं आणि पुढे लाकडी पेट्यांमधून मराठी-गुजराती पुस्तकं संस्थानातल्या खेडोपाडी फिरायला लागली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रम २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या लोकांपर्यंत पोचवतोय. दहा पुस्तकांची पेटी आणि एक रिकामी बरणी, एवढं एका दुधाच्या गाडीतून जातं. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे, शासनमान्य लायब्रऱ्या अकरा-बारा हजारांच्या घरात, त्यातल्या प्रत्येक तालुक्यातल्या एकीने जरी दहा पुस्तकांची एकच यादी चालवली आणि १५ ऑक्टोबरला भाषणांच्या जागी मतमोजणी ठेवली तर महाराष्ट्रातल्या मुलांचं पुस्तक कुठलं हे आपल्याला पहिल्यांदा कळेल. त्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीवर तसा शिक्का छापा, लेखकाला बोलवा, हार मुलांच्या हातून घाला. अनुदानाच्या तपासणीत बालसभासद मोजता तसे मतदार मोजा, तो आकडा फुगवायला निदान दोन पुस्तकं तरी खरी वाचावी लागतील.

एप्रिलच्या मीटिंगमध्ये मी हे सगळं मांडलं, अध्यक्षांनी ऐकून घेतलं, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. सायकलवाली स्पर्धा १ मेपासून आहे. त्या रहस्यकथेवाल्या मुलीने मागच्या शनिवारी येऊन चौकशी केली, बरण्या परत कधी मांडणार. मी दिवाळी सांगितलं. मग तिने ते चावलेल्या कोपऱ्याचं जाड पुस्तक मागितलं, मी रजिस्टरवर तारीख टाकली, स्पर्धेच्या यादीत नाव घालू का विचारलं तर नको म्हणाली, यात खूप दिवस जातील.